प्रणालीची तोंडी परीक्षा

सक्करदरा, नागपूर
१२ जुलै २०२५

प्रज्वल,

आशीर्वाद लिहून सुरुवात करा लागते, पण माहा हात तिथं अडून राहिला, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. तू माहा फोन उचलत नाही, मेसेज पाहत नाही. पोस्टाचं पाकीट तर हातात घ्याच लागते. पत्ता तुह्या दोस्ताच्या, विहंगच्या घरून घेतला. तुह्या मायच्या तेरवीले तू आला नाही तेव्हा मी फोनवर जे बोललो, त्यातला एक शब्दही वापस घेत नाही. दोन वर्षं झाली, तुहा राग काही उतरत नाही. ठीक आहे गा, राग तुह्याजवळ ठेव. हे पत्र माह्यासाठी नाही, तुह्या बायकोसाठी आहे.

तू बर्मिंगहॅमले गेला तेव्हा लग्नाले सहा महिने पण झाले नव्हते. चार वर्षं झाली, पोट्टी ह्या घरात तुही वाट पाहून राहिली. तुह्या मायचं सगळं तिनं केलं, आता माह्यं करते. होळीले तू तिले सांगतलं का तिथला पक्का परवाना भेटला, बायकोले बोलावता येते, पण तिले आधी इंग्रजीची तोंडी परीक्षा पास करा लागते. अन् वरून म्हटलं, "जाऊ दे, तुह्यानं होत नाही." हे तिनं मले हसत सांगतलं. मी हसलो नाही. उमरेडच्या विणकराची पोरगी, बारावी शिकलेली, इंग्रजी म्हणजे थँक्यू अन् सॉरी. पण होत नाही म्हणजे काय? दुसऱ्याच दिवशी तिले गाडीवर बसवलं अन् तलावाच्या बाजूले उत्तरा मॅडमचा क्लास आहे, तिथं नाव घातलं.

मी खाली पानठेल्यावर उभा राहायचो. चौथ्या-पाचव्या दिवशी मॅडम खिडकीतून म्हणाल्या, "काका, दोन तास खर्रा घोटणाऱ्यांच्या गप्पा ऐकण्यापेक्षा वर येऊन बसा. मला एक जोडीदार कमी पडतोय." तेव्हापासून मी पण विद्यार्थी. हिंगण्याच्या कंपनीतून रिटायर झालेला माणूस, पहिल्या बाकावर, आजूबाजूले विशीतली पोट्टे-पोट्टी. पहिले आठ दिवस लाज वाटली. मंग मजा यायले लागली.

मॅडमची शिकवायची रीत वेगळीच आहे. एका दिवशी एकच जोडशब्द. अँड, बट, बिकॉज, सो, व्हेन, इफ, संपले का पुन्हा पहिल्यापासून. फळ्याच्या डाव्या बाजूले तो शब्द, उजव्या बाजूले आय, यू, ही, शी, वी, दे. एकानं अर्धं वाक्य बोलायचं, दुसऱ्यानं त्याले पुढचं जोडायचं. सगळं घरातलंच बोलायचं, पुस्तकातलं चालत नाही. मी म्हटलं, "आय ॲम हंग्री." प्रणालीनं जोडलं, "बट यू एट फाइव्ह चपातीज." सारा क्लास हसला. घरच्या हातमागावर ताण्याचा धागा संपला का नवा धागा राखेच्या बोटानं वळून जोडायचा, ते काम मी लहानपणी लय केलं. ह्यातही मले तसंच वाटते, जोड पक्की बसली का पुढं कापड आपोआप निघते.

मॅडम एक गोष्ट घोकून घेतात. "जोडशब्द आला की त्याच्यापुढं माणूस उभा करा." आपल्यात 'आला, जेवला अन् गेला' म्हटलं का झालं, कोण ते म्हणायची गरज नाही. त्यांच्यात बिकॉजच्या पुढं ही का शी, वी का दे, ते सांगाच लागते. आम्ही सगळे तिथंच अडतो. कोण ते राहूनच जाते.

प्रणालीची अडचण आणखी निराळी. मॅडमनं तिले उभं केलं, नवऱ्याबद्दल बोल म्हटलं. ती म्हणे, "माय हजबंड इज इन इंग्लंड अँड दे वर्क इन हॉस्पिटल." मॅडमनं विचारलं, "किती नवरे आहेत गं तुला?" पोट्टे बाकं वाजवायले लागले. हिचा चेहरा लालबुंद. म्हणते कशी, "मॅडम, त्यांले 'ही' कसं म्हणू? 'ही' तर चोराले पण म्हणतात." मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, इंग्रजीत राजा आणि चोर दोघांनाही एकच शब्द आहे, इलाज नाही. तरी घरी येऊन तिचं पुन्हा तेच. दे वर्क, दे कॉल, दे विल कम. चार वर्षं ज्याचं तोंड पाह्यलं नाही, त्याले ती परक्या भाषेत पण अहोजाहोच करून राहिली.

परीक्षा नोव्हेंबरात आहे, हैदराबादले. मी सोबत जाईन. तुले एवढंच सांगायचं का रविवारी फोनवर तिले दोन शब्द बरे बोलत जा. 'तुह्यानं होत नाही' हे पुन्हा म्हणू नको.

तुहा बाप,
जागेश्वर


सक्करदरा, नागपूर
६ सप्टेंबर २०२५

प्रज्वल,

विहंग गणपतीले घरी आला होता. तुह्या वर्गातला, तुह्याच खोलीत तिथं राहिलेला, म्हणून मी आपला हौसेनं सावजी मसाल्याचा पुडा घेऊन पानठेल्यावर गाठलं त्याले. म्हटलं, "प्रज्वलले देजो गा, तिकडच्या मटणाले काय चव असते." पोट्ट्यानं पुडा हातात घेतला अन् खाली पाहायले लागला. मंग म्हणते, "काका, मी त्याच्याकडे आता जात नाही."

मी म्हटलं, काहून गा, भांडले का? त्यानं लय टाळलं. मी त्याचा हात सोडला नाही. शेवटी बोलला. मार्ता नावाची पोलंडची मुलगी आहे, दोन वर्षांपासून तू तिच्याच घरी राहून राहिला, नाताळात लग्न आहे. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल काका, सोडचिठ्ठी झाली असेल." सोडचिठ्ठी! ती इकडं 'दे विल कम' घोकून राहिली अन् तुह्या दोस्ताले वाटते सोडचिठ्ठी झाली.

मी तिथंच ठेल्याच्या फळीवर बसलो. पानवाल्यानं पाणी देल्लं. विहंग बिचारा घाबरला, काका डॉक्टरकडे नेऊ का म्हणायले लागला. माह्या छातीले काही झालं नव्हतं.

आता परीक्षेची गोष्ट मले समजली. तुले तिले बोलवायचंच नव्हतं. तुले वाटलं, उमरेडची पोट्टी, नापास होईल, पुन्हा बसंल, पुन्हा नापास होईल, अन् दोष तिचाच राहील. तू नामानिराळा. वा रे वा! लोक म्हणतात आपला तो बाब्या. मले नाही म्हणता येत. दुसऱ्या कोणाच्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन बोललो असतो, अन् तू माहा आहे म्हणून काय गप बसू?

घरी आलो तर ती ओट्याजवळ उभी. म्हणे, "मामाजी, आज इफ होतं. घ्या ना माह्यं. इफ दे कॉल ऑन संडे..." अन् मी पुढचं जोडावं म्हणून माह्या तोंडाकडं पाहून राहिली. मी डोकं दुखते म्हणून पडलो. तिनं बाम आणून देल्ला.

तर आइक. परीक्षेच्या आधी तू तिले स्वतःच्या तोंडानं सांगजो. मी सांगणार नाही. तिले पाहायले तू गेलता, पसंत तू केलती, वरमाला तू घातली. जे जोडलं ते तुले तोडायचं असंल तर तूच तोड, पण तिच्यासमोर तोड. एक फोन कर. तिले रडू दे, शिव्या देऊ दे, तेवढं आइकून घे. एवढी हिंमत तुह्यात असंल असं मी अजूनही धरून चाललो.

जागेश्वर


सक्करदरा, नागपूर
८ ऑक्टोबर २०२५

प्रज्वल,

महिना झाला. पत्र तुले भेटलं, हे मले माहीत आहे, पोस्टाच्या ॲपवर दिसते. तू तिले काही सांगतलं नाही, हे पण माहीत आहे. तुहा रविवारचा फोन येतेच. ती आतल्या खोलीत जाते, पाच मिनिटांत बाहेर येते, अन् म्हणते, "बरे आहेत. थंडी पडून राहिली म्हणे." मी मान हलवतो. काय करू? तुह्या खोट्यात मी पण सामील झालो आता.

दसऱ्याले ठरवलं होतं, आज सांगून टाकायचं. सोनं द्यायले ती समोर आली, पाया पडली, अन् म्हणे, "मामाजी, मॅडम म्हणाल्या मी वर्गात सगळ्यात पुढं आहे." तोंडातला शब्द मी गिळला. खरं सांगू का? तिचाच विचार होता असं नाही. तिले सांगतलं का ती उमरेडले माहेरी जाईल. कोण राहील असं फसवणाऱ्याच्या घरी? अन् मंग ह्या घरात मी एकटा. सकाळचा चहा मी एकट्यानं प्यायचा, संध्याकाळी दिवा मीच लावायचा. मी भेलो. तुह्याकडून हिंमत मागून राहिलो अन् माह्याजवळच नाही, हे मले आता समजून राहिलं.

क्लासले आम्ही रोज जातो. एक दिवस मॅडमनं व्हेन देलं. प्रणालीले म्हणाल्या, नवरा घरी येईल तेव्हा काय करशील ते काकांसोबत बोल. ती म्हणे, "व्हेन ही कम्स..." अन् थांबली. मी जोडायचं होतं. साऱ्या वर्गासमोर मी म्हटलं, "...वी विल सी." पाहून घेऊ! मॅडम म्हणाल्या, व्याकरण बरोबर आहे काका, पण स्वर भांडणाचा आहे. पोट्टे हसले. प्रणाली नाही हसली. ती माह्याकडं पाहून राहिली होती.

हो, एक राहिलं. तिचं 'दे' आता गेलं. ही वर्क्स, ही कॉल्स, एकदम साफ बोलते. मॅडमनं शाबासकी देल्ली. घरी पण मराठीत तुह्याबद्दल बोलणं कमीच झालं. अभ्यासामुळं असंल.

अजून वेळ गेली नाही. तू बोल. मी हात जोडून सांगतो, बाप असून.

जागेश्वर


सक्करदरा, नागपूर
२० नोव्हेंबर २०२५

प्रज्वल,

ती पास झाली.

ते आधी लिहिलं, कारण चार वर्षांत ह्या घरात झालेली तीच एक चांगली गोष्ट आहे. हैदराबादले आम्ही आदल्या दिवशी गेलो. परीक्षेच्या खोलीत मले जाऊ देल्लं नाही, बाहेर बाकावर बसवलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता अन् ती म्हणे, "परीक्षा घेणाऱ्या बाईनं विचारलं, घरात कोण कोण असते? मी म्हटलं, माय फादर-इन-लॉ अँड आय." एवढंच. तुह्याबद्दल तिले बोलायची वेळच आली नाही.

वापस येतांना दिवसाची गाडी होती. समोरचे लोक बल्लारशाले उतरले. मी ठरवलं होतं का परीक्षा झाली, आता सांगाच लागते. डबा उघडला, पोळीचा घास तसाच हातात ठेवला अन् म्हटलं, "प्रणाली, मले तुले काही सांगायचं आहे." ती म्हणे, "मामाजी, आधी जेवा. मले माहीत आहे."

मी म्हटलं, काय माहीत आहे वं?

तिनं सांगतलं ते मी जसंच्या तसं लिहितो, तुले समजलं पाहिजे. होळीच्या आधीच्या एका रविवारी तुहं बोलणं झालं अन् तू फोन बंद करायले विसरला. तिनं पण कानाचा काढला नाही. तुहा आवाज अजून थोडा आइकायले भेटते, म्हणून आइकत राहिली. एक बाई बोलली, तू तिले उत्तर देल्लं. इंग्रजी. हिले काही समजलं नाही, फक्त 'माय फादर' समजलं. हिले वाटलं, घरमालकीण असंल, बापाची सेवा करते म्हणून तू तिच्याजवळ बायकोची तारीफ करून राहिला. पोट्टी खूश झाली! ते बोल तिनं मनात जपून ठेवले. आइकलेलं गाणं जपतात तसे, अर्थ नसला तरी.

मंग क्लास सुरू झाला. अँड झालं, लुक आफ्टर झालं, शी झालं. तुकडे तुकडे समजत गेले. अन् घटस्थापनेच्या आठवड्यात मॅडमनं सो पुन्हा घेतला, त्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या पुरं वाक्य तिच्यापुढं उभं राहिलं. "शी वर्क्स इन अवर हाउस, अँड शी लुक्स आफ्टर माय फादर, सो आय हॅव टू कॉल हर." ती आमच्या घरी कामाले आहे, माह्या बापाले सांभाळते, म्हणून तिले फोन करा लागते.

कामाले आहे! अरे बेशरमा, तुह्या मायचं हागणं-मुतणं काढलं तिनं, ते काय कामवाली म्हणून?

गाडीत मी रडलो. लोकांनी पाह्यलं, पाहू दे. ती माह्या पाठीवर हात फिरवून राहिली होती, अन् रडायचं तर तिनं होतं. मी म्हटलं, तुले समजलं होतं तर तू बोलली काहून नाही? ती म्हणे, "तुम्ही रोज गाडी काढून उभे राहत होते. मी म्हटलं, यांले समजलं तर हे जेवण सोडतील. मंग वी विल सीच्या दिवशी मले समजलं का तुम्हाला पण माहीत आहे. तुम्ही माह्यासाठी गप, मी तुमच्यासाठी गप."

मंग मी विहंगनं सांगतलेलं, मार्ता अन् नाताळातलं लग्न, सगळं तिले सांगतलं अन् म्हटलं, माय, तरी परीक्षेले काहून बसली? कोणासाठी? तिकडं तर तुले जायचं नाही.

ती म्हणे, "मामाजी, त्या बाईशी बोलायचं आहे मले. तिले मराठी येत नाही. मी अडली तर ती फोन ठेवून देईल. मले पाहायचं होतं का अनोळखी इंग्रज माणसासमोर मी न अडता बोलू शकते का नाही."

तुले आधी सांगून ठेवतो, म्हणून हे पत्र. हे वाचून तुह्यात काही शरम जागी झाली तर तूच त्या मार्ताले सांगून टाक. नाही तर प्रणाली सांगणार आहे.

जागेश्वर


सक्करदरा, नागपूर
१ डिसेंबर २०२५

प्रज्वल,

काल काय झालं ते मार्तानं तुले सांगतलं असंल, नसंल. सांगतलं असंल तरी तू तुह्या सोयीनं समजून घेशील. म्हणून मी लिहितो. मी बाजूले बसलो होतो अन् आता मले इंग्रजी समजते.

नंबर विहंगनं देल्ला. आधी म्हणे, काका मला यात ओढू नका. मंग स्वतःच पाठवला. रविवारी सकाळी तू ड्यूटीवर असतो हे प्रणालीले माहीत होतं. आपल्याकडं दुपार होती. जेवणं झाली होती, भांडी घासून झाली होती, तिनं तोंड धुतलं, केस बांधले अन् दिवाणावर येऊन बसली. मी म्हटलं, काय बोलायचं ते कागदावर लिहून घे. ती म्हणे नाही, वाचल्यासारखं वाटते. फोन स्पीकरवर ठेवला, मी आइकावं म्हणून.

मार्तानं उचलला. आवाजावरून पोरगी साधी वाटली. तिची इंग्रजी पण आमच्यासारखीच, तोडून तोडून, शिकलेली. प्रणालीनं सांगतलं, मी नागपूरहून बोलते, प्रज्वलच्या घरून. ती पोरगी एकदम आपुलकीनं म्हणाली, "अच्छा, तुम्ही त्याच्या वडिलांना सांभाळता, त्याच ना? कसे आहेत ते?"

प्रणालीनं श्वास घेतला. मले वाटलं अडली. ती अडली नाही. "येस. आय लुक आफ्टर हिज फादर, बिकॉज आय ॲम हिज वाइफ."

मार्ता म्हणाली, "कोणाची?" प्रणालीनं तुहं नाव घेतलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्याच्यानंतर माह्यासमोर तिनं ते पहिल्यांदा घेतलं. म्हणाली, प्रज्वलची. आमचं लग्न झालेलं आहे अन् ते मोडलेलं नाही. तो मले दर रविवारी फोन करते, अन् तुम्हाला सांगते का मी कामाले आहे. मी तुमच्यावर रागावली नाही, कारण तुम्हाला माहीत नव्हतं. मले तो नको. पण तुम्ही नाताळात लग्न करून राहिल्या, तर त्याच्या आधी तुम्हाला समजलं पाहिजे का तो कोण आहे.

मी तुले मराठीत लिहिलं. ती सगळं इंग्रजीत बोलली, एकेका वाक्याले दुसरं जोडत, अन् प्रत्येक जोडीले माणूस उभा करत. आय, यू, ही. कोणाले लपवलं नाही.

मार्ता रडायले लागली. मंग विचारते, "हे खरं आहे हे मी कसं मानू? त्याचे वडील तर बोलू शकत नाहीत. त्यांना काही आठवत नाही, कोणाला ओळखत नाहीत." असं सांगतलं तू माह्याबद्दल! म्हणून कधी त्या पोरीनं माह्याशी बोलायचं म्हटलं नसंल. तुह्या मायले जाऊन दोन वर्षं झाली, तिच्या शेवटच्या दिवसांत तिले कोणी ओळखू येत नव्हतं, अन् तू ते तिचं दुखणं उचलून माह्या अंगावर टाकलं. राग पण आला नाही. एवढी मोठी शिवी मले कोणी देल्ली नव्हती.

प्रणालीनं फोन माह्यासमोर धरला. आठ महिने क्लास केला, सगळं कोरं झालं. मंग तोंडातून निघालं, "आय ॲम हिज फादर, अँड आय नो हिम." तेवढंच बोललो.

तिकडून त्या पोरीचा नाक ओढायचा आवाज येत होता. मंग म्हणाली, "थँक्यू सर." अन् हळूच विचारलं, "आणि तिचं नाव काय? तो कधी नाव घेत नाही." अरे, चार वर्षांत तू हिचं नाव पण तिकडं नेलं नाही. मी सांगतलं, प्रणाली. तिनं दोनदा म्हणून पाह्यलं, चुकली, मंग बरोबर म्हटलं. पुढं त्या दोघीच बोलल्या. मी उठून मागं गेलो, कारण ते मी आइकायचं नव्हतं.

आता तुह्यापुरतं सांगतो. वकिलाकडं आम्ही गुरुवारी जाणार आहो, कागद तुले येतील. रविवारी फोन करू नको, तिनं तुहा नंबर बंद केला. उत्तरा मॅडम तिले नव्या बायकांच्या तुकडीले शिकवायले बोलावून राहिल्या. ती जाईल का, इथं राहील का उमरेडले माहेरी जाईल, मी विचारलं नाही. विचारलं तर ती माह्या तोंडाकडं पाहून उत्तर देईल, अन् तसं मले नको. एकटं राहायची पाळी आली तर राहीन. चहा मले करता येते.

तू माहा पोरगा आहे, हे कोणत्याही कागदानं मोडत नाही, ते मले माहीत आहे. कधी तरी तुले घर आठवंल. ये. पण तू येऊन हाक मारली तर मी उठणार नाही. मी प्रणालीले विचारीन. ती इथं नसली तर फोन लावून विचारीन. ती हो म्हणाली तर दार उघडीन.

जागेश्वर